नऊशे ग्रॅमचा लॅपटॉप

आप्पा : म्हणजे वस्तू कमी आणि पैसे जास्त. असंच ना?

दुकानवाल्या बाई : वस्तू कमी नाही काका, वजन कमी.

आप्पा : एकूण एकच. उद्या भाजीवाला म्हणाला, नऊशे ग्रॅम घ्या पण पैसे तीन किलोचे द्या, तर मी काय त्याच्या गळ्यात पडू?

लेक : आप्पा, गाडीत काय ठरलं होतं आपलं?

आप्पा : की मी दुकानात तोंड उघडायचं नाही.

लेक : मग?

आप्पा : ते गाडीत ठरलं होतं. किंमत दुकानात आल्यावर कळली.

दुकानवाल्या बाई : बोलू द्या हो ताई त्यांना. दुकान उघडल्या उघडल्या भांडणारं गिऱ्हाईक आलं की माझा दिवस बरा जातो. गोड बोलणारे सगळं बघतात, चहा पितात आणि फोनवरून दुसरीकडे मागवतात. घ्या काका, हातात घेऊन बघा.

आप्पा : आत काही आहे का, की नुसतं खोकं दिलंत?

दुकानवाल्या बाई : सगळं आहे. चालूसुद्धा आहे.

आप्पा : चालू आहे? आवाज कुठाय मग?

दुकानवाल्या बाई : नसतोच आवाज. पंखाच नाही आत.

आप्पा : बघ चिमे. पंखासुद्धा काढून घेतला. वर पैसे जास्त.

लेक : आप्पा, बावन्न वर्षांची आहे मी. चारचौघांत चिमे म्हणू नका.

आप्पा : चारचौघं कुठायत? या एकट्याच तर आहेत. हे बघा बाई, मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. पातळ घड्याळ महाग असतं हे मला तुम्ही शिकवू नका. ते का महाग असतं तेही मला ठाऊक आहे. आणि सारखं दुरुस्तीला कोण येतं, तर ते पातळच, हेसुद्धा ठाऊक आहे. केसाएवढी फट ठेवतात आत. जरा धक्का लागला की चाकाला चाक घासलंच. हा उघडतो का?

दुकानवाल्या बाई : उघडतो. पण उघडून करायचं काही नाही. बॅटरी चिकटवलेली आहे, मेमरी डाख लावून बसवलेली. आज घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. उगाच खोटं कशाला सांगू?

आप्पा : म्हणजे मेला की पुरायचा.

दुकानवाल्या बाई : पाच-सहा वर्षं तर जगेल काका! तुम्ही आत्ताच मयताचं काय काढलंत?

लेक : आणि वायर जोडायला दोनच जागा दिसतायत. दोन्ही बारीक.

दुकानवाल्या बाई : दोनच आहेत. तेही आधीच सांगून ठेवते. ताई, तुम्ही काम काय करता? म्हणजे मला कळेल, तुम्हाला हा खरंच लागतो की नुसता आवडलाय. आवडला असेल तर विकायला मला सोपं, पण महिन्याभरानं तुम्ही येऊन माझ्या डोक्यावर बसाल.

लेक : मी कानाची यंत्रं बसवते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची. घरोघरी जाऊन.

दुकानवाल्या बाई : घरी जाऊन? दवाखान्यात नाही?

लेक : ज्यांना दवाखान्यात येता येतं ते तिथे जातात. माझ्याकडची माणसं पलंगावरची, काठीवरची, चौथ्या मजल्यावर अडकलेली. यंत्र नुसतं कानात घालून भागत नाही. लॅपटॉपला जोडून माणसागणिक लावावं लागतं, कोणता आवाज किती मोठा करायचा ते. म्हणून लॅपटॉप पाठीवर आणि जिने पायाखाली. सहा वर्षं झाली.

दुकानवाल्या बाई : आत्ताचा कुठला आहे?

लेक : हा बघा. आमचा धोंडा.

दुकानवाल्या बाई : अगं आई गं. हा उचलून तुम्ही जिने चढता?

लेक : चार्जर घरीच ठेवलाय आज. तोच अर्धा किलोचा आहे. गेल्या महिन्यात खांदा आखडला तो आखडलाच. वेणी घालायला हात वर जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, या खांद्यावर दोन किलोच्या वर काही टाकायचं नाही. यंत्रं लॅपटॉपला जोडायची माझी डबी, वायरी, कानाचे साचे मिळूनच किलोभर होतं. उरला किलो. म्हणून मी नऊशे ग्रॅमवाला शोधत आले.

आप्पा : अर्धंच सांगतेय ती. पुढचं मी सांगतो. हिला एका चांगल्या दवाखान्यातून बोलावणं आलंय. बसून काम. खुर्ची, टेबल, थंडगार खोली, पेशंट आपल्या पायांनी चालत येणार. पगार एक तारखेला. आज दुपारी दोनपर्यंत हो की नाही कळवायचंय. आणि ही बाई सकाळी दहाला इथे उभी आहे, तीन महिन्यांची कमाई खोक्यात घालायला.

लेक : मी घालणार म्हटलं का? बघायला आलेय. हा जमला तर घरी जायचं काम चालू ठेवीन. नाही जमला तर हो म्हणून कळवते. एवढं सरळ आहे.

आप्पा : सरळ असतं तर रात्रभर कूस बदलत बसली नसतीस.

दुकानवाल्या बाई : आणि काका, तुमचं मत?

आप्पा : खुर्ची. खुर्चीला वजन नसतं, ती आपलं वजन घेते.

लेक : आणि माझ्याकडच्या त्या माणसांचं काय? त्यांच्या घरी दुसरं कोणी जात नाही आप्पा. मी सोडलं की यंत्रं उशाशी पडून राहणार. बॅटरी बदलायलासुद्धा कोणी नाही.

आप्पा : तू काय जगाचा मक्ता घेतलायस? खांदा तुझा एकटीचा आहे.

दुकानवाल्या बाई : थांबा, थांबा. एक सुचवू? ताई, तुमचा जो प्रोग्राम आहे, तो यात चालतो का ते तरी आधी बघून घ्या. तोच चालला नाही तर तुमचं भांडण आपोआप मिटेल. आतल्या खोलीत बसा. तिथे मी लोकांचा डेटा भरत बसते, शांत आहे. दार लावून घेतलं की रस्ता ऐकू येत नाही.

लेक : प्रोग्राम पेन ड्राइव्हवर आणलाय. पण तो यात घुसणार नाही. माझ्या डबीची वायरही जुनीच आहे, रुंद तोंडाची.

दुकानवाल्या बाई : ही मधली जोडणी घ्या. एकीकडे बारीक, एकीकडे रुंद दोन. इतरांना विकते, तुम्हाला वापरायला देते. या काका, तुम्हीही बसा. स्टूल डगमगतं, जरा भिंतीला टेकून.

आप्पा : मी कशाला?

लेक : तुमचे कान लागणार आहेत. डबी जोडली जाते का ते बघायला कोणाची तरी यंत्रं हवीत ना? तुमच्या कानात आहेतच की.

आप्पा : आहेत. असतात.

लेक : असतात म्हणजे? रोज घालता ना?

आप्पा : घालतो गं. तू येतेस तेव्हा घालतो.

लेक : आप्पा!

आप्पा : तू तुझं काम कर. या बाई खोळंबल्यात.

दुकानवाल्या बाई : माझं काही खोळंबलं नाही. मला तर बघायचंच आहे हे.

लेक : झालं, बसला प्रोग्राम. जुन्यात पाऊण तास घेतो, इथे पाच मिनिटांत बसला. आता ही डबी आप्पांच्या गळ्यात. आप्पा, मान खाली. हां. आणि धोंडाही चालू करून शेजारी ठेवते. आप्पांची जुनी फाइल त्यात आहे, आकडे समोर दिसले पाहिजेत.

दुकानवाल्या बाई : बाप रे, विमान उडतंय की काय?

लेक : अहो, म्हातारा झालाय तो. मला तर आता कळतही नाही. हे बघा, जोडलं! दोन्ही कान दिसतायत. डावा, उजवा. आप्पा, जोडलं गेलं!

आप्पा : बरं झालं. आता काढ.

लेक : काढते काय? निदान एकदा लावून तर बघू. नवीन फाइल आहे, त्यामुळे कंपनीनं सांगितलेले आकडे आधी चढतील. मग नेहमीसारखं तुमच्याप्रमाणे कमी-जास्त करते. माझं बोलणं कसं येतंय?

आप्पा : येतंय. जरा मोठं येतंय.

लेक : माझा सा, सी, सु?

आप्पा : येतोय सा, सी, सु. पण तेच आलं बघ परत. घूं. कानात सारखं घूं घूं.

लेक : ठाऊक आहे. ते सगळ्यांनाच होतं.

दुकानवाल्या बाई : सगळ्यांना म्हणजे?

लेक : बारीक आवाज वर घेतले की घूं होतं. माझ्याकडचा एकूण एक माणूस सांगतो. मग मी ते बारीक आवाजांचे आकडे खाली आणते, घूं जातं, माणूस सुखी होतो. तसं थोडंफार नुकसान होतं, पण कानात घूं घेऊन कोण बसेल? थांबा आप्पा, तुमचं मागच्या खेपेला किती खाली आणलं होतं ते जुन्यात बघते आणि... अरे देवा. गेला. बॅटरी संपली त्याची.

आप्पा : हां. आता बरं वाटलं.

लेक : काय बरं वाटलं?

आप्पा : घूं गेलं. काढलंस ना तू?

लेक : नाही आप्पा. मी अजून हात लावला नाही.

आप्पा : लावला असशील. बंद झालं की.

लेक : हे बघा माझे हात. हा वायरीवर, हा मांडीवर. काही केलं नाही मी.

(दुकानवाल्या बाई धोंड्याच्या काळ्या पडद्याकडे वाकून बघतात.)

दुकानवाल्या बाई : ताई, चुकत असेन तर सोडून द्या. पण आत्ता बंद पडला तो तुमचा धोंडा.

लेक : तसं नाही हो. तसं कसं होईल?

दुकानवाल्या बाई : माझ्याकडे दुरुस्तीच्या पेटीत जुने चार्जर पडलेत. लावून बघायला काय जातं? हा घ्या, बसतोय. करा चालू.

लेक : आप्पा, डोळे मिटून बसा. बघू नका. सांगा, काही येतंय?

आप्पा : काही नाही. तू बोलतेयस तेवढं. ...आलं. घूं आलं.

लेक : आता?

आप्पा : आहे.

लेक : (बाईंना हातानं खूण करते, धोंडा बंद करा.) आणि आता, आप्पा?

आप्पा : गेलं. हे काय, तुम्ही दोघी माझी परीक्षा घेताय का? सांगा तरी, पास झालो की नाही?

लेक : तुम्ही पास झालात आप्पा. नापास मी झाले.

आप्पा : म्हणजे?

लेक : लोकांच्या घरी गेले की पहिल्यांदा काय करते ठाऊक आहे तुम्हाला? टीव्ही बंद करा. छताचा पंखा बंद करा. खिडक्या लावा. एकीकडे तर फ्रिजचं बटणसुद्धा बंद करायला लावलं, त्यांचं दूध नासलं. शांतता पाहिजे म्हणून घरभर सगळ्यांना दटावते. आणि मग हा धोंडा मांडीवर घेऊन माणसाच्या कानाशी बसते. याचा पंखा घोंघावत असताना. आणि विचारते, आजी, घूं होतंय का?

दुकानवाल्या बाई : आणि त्या म्हणतात, होतंय.

लेक : का नाही म्हणणार? होतच होतं ना! यंत्र बरोबर होतं. माणूस बरोबर सांगत होता. मी जाऊन पंखा बंद करायचा सोडून त्यांचे कान बंद करत होते. पान उलटल्याचा, कोणी हळूच हाक मारल्याचा, सगळे बारीक आवाज गेले त्यात. मी उठून गेले की घूं तसंही नसायचंच घरात. पण आकडे तसेच.

आप्पा : किती जणांना झालं असेल?

लेक : हा आवाज करायला लागून चार वर्षं झाली असतील. शंभरेक माणसं तरी. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मला म्हणाल्या होत्या, यंत्र घातलं तरी नातवंडं कधी खोलीत येतात ते कळत नाही, एकदम समोर दिसली की दचकते. काय उत्तर दिलं मी त्यांना? म्हटलं, आजी, वय झालं आता, थोडं चालवून घ्यायचं. असं हसून म्हटलं, आप्पा. लाज वाटते मला.

दुकानवाल्या बाई : पाणी घ्या ताई. मुद्दाम थोडंच केलंत?

आप्पा : माझे पण आकडे खाली आणलेस का तू?

लेक : तुमचे तर सगळ्यांत खाली. तुम्ही फार कटकट करायचात ना, घूं घूं म्हणून.

आप्पा : मग आता हे जे आहे ते कुठलं?

लेक : हे कंपनीचे आकडे. तुमच्या कानाच्या तपासणीप्रमाणे जे पाहिजेत ते. थांबा, उजवं जरा बाहेर आलंय, नीट बसवते. हलू नका.

आप्पा : तू हलू नकोस.

लेक : काय झालं? दुखलं?

आप्पा : हात तिथेच ठेव. कानाजवळ. गप्प बसा दोघी.

दुकानवाल्या बाई : काय झालं काका?

आप्पा : शूऽऽ. ...लंगडतंय.

लेक : कोण लंगडतंय?

आप्पा : हे तुझ्या मनगटावरचं. टिक आणि टक यांच्यामध्ये अंतर सारखं नाही. एक पाऊल लांब पडतंय, एक आखूड. आपटलंस का कुठे?

लेक : गेल्या आठवड्यात. जिन्यात कठड्याला. आप्पा, तुम्हाला घड्याळ ऐकू येतंय?

आप्पा : येतंय की. न यायला काय झालं? माझ्याच हातचं आहे ते, दोनदा उघडलंय मी.

लेक : मग रडताय का?

आप्पा : मी कुठे रडतोय? तू स्टुलावर बसवलंयस, ते डगमगतंय.

दुकानवाल्या बाई : मी बाहेर जाऊ का जरा?

आप्पा : बसा हो बाई. तुमचंच दुकान आहे. चिमे, एक सांगतो, ओरडू नकोस. मी काम बंद केलं ना, डोळ्यांमुळे नाही केलं.

लेक : म्हणजे? मोतीबिंदू...

आप्पा : काढला की तो. डोळे झकास आहेत माझे. आजही सुईत दोरा एका झटक्यात ओवतो. पण घड्याळ डोळ्यांनी अर्धंच दुरुस्त होतं. उरलेलं कानाला लावून. कानाला लावायचो आणि भिंतीला कान लावल्यासारखं. काही नाही. म्हटलं, यंत्र आणून दिलंय लेकीनं, आता येईल. घातलं. तरी भिंतच.

लेक : मला का नाही सांगितलं?

आप्पा : काय सांगू? तू बसवलेलं. तू एवढी कौतुकानं विचारायचीस, आप्पा छान येतंय ना? मग छान येतंय. डोळे गेले म्हटलं की माणसं पुढे विचारत नाहीत. सोपं पडतं. उद्या एक जण येणार आहे, माझं टेबल घेऊन जायला. हत्यारांसकट.

लेक : विकलंत?

आप्पा : शब्द दिलाय. पैसे घेतले नाहीत अजून. आणि आता ऐकतेच आहेस तर सगळंच ऐक. तू ती खुर्ची घे म्हणून का मागे लागलो होतो? खांदा तर आहेच. पण मनात असं यायचं, ही पोर जिने चढून चढून स्वतःचा चुरा करून घेतेय, आणि लोकांच्या पदरात काय पडतंय? मला जेवढं ऐकू येतं तेवढंच. म्हणजे काहीच नाही. तीही बिचारी माझ्यासारखी तोंडावर छान छान म्हणत असतील. तुला हे कसं सांगायचं? त्यापेक्षा खुर्ची बरी.

लेक : इतकी वर्षं मनात ठेवलंत.

आप्पा : तूही चार वर्षं पंखा मांडीवर ठेवलास. फिटलं.

लेक : कसलं फिटलं? आता मी काय करू आप्पा? शंभर घरं. जाऊन काय सांगू, की तुमचं वय झालं नव्हतं, मला अक्कल नव्हती? मग कोण दारात उभं करेल मला?

आप्पा : दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. तुझ्या आईलाही ठाऊक नव्हती. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावरून मी गिऱ्हाइकांची घड्याळं लावून द्यायचो. ते भिंतीवरचंच सात मिनिटं मागे होतं. किती दिवस? चांगले तीन-चार महिने. एक माणूस त्यापायी मुलाखतीला उशिरा पोचला. माझ्याकडे आला, म्हणाला, घड्याळ बंदच पडलं असेल वाटेत. मी म्हटलं, हो, पडलं असेल. पुन्हा उघडून दिलं, पैसेही घेतले. भिंतीवरचं गुपचूप सात मिनिटं पुढे केलं. कुणाला बोललो नाही, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. गिऱ्हाईक एक तुटलं नाही. पण तो माणूस रस्त्यात दिसला की मी समोरच्या बाजूला जायचो. अजून आठवतं मला त्याचं तोंड. तू तसं करू नकोस.

लेक : सगळ्यांना सांगू?

आप्पा : प्रत्येकाला. दारात उभं राहून. चिडतील एक-दोघं. बाकीच्यांना हाक ऐकू आली की विसरतील चिडायचं. मी चिडलो का?

लेक : तुम्ही तर स्टुलाला दोष दिलात.

दुकानवाल्या बाई : आता मी मध्ये पडू का? कारण खरं बोलायचं तर आत्ता माझंच नुकसान होणार आहे. ताई, तुमच्या धोंड्याचा पंखा बदलून मिळेल. फार तर दोन दिवस लागतील, पैसेही किरकोळ. आवाज जाईल. नुसत्या आवाजासाठी तुम्हाला हा महागाचा घ्यायची गरज नाही. मी सांगितलं नाही असं उद्या नको व्हायला.

आप्पा : वा बाई. दुकान कसं चालतं हो तुमचं?

दुकानवाल्या बाई : चालतं. लोक परत येतात ना.

लेक : नवीन पंख्याला किती दिवस आवाज येत नाही?

दुकानवाल्या बाई : सांगता नाही यायचं. धूळ बसली की करणारच. वर्ष म्हणा.

लेक : आणि वजन तेवढंच.

दुकानवाल्या बाई : वजन तेवढंच. ते मी कमी करू शकत नाही. मधलाही एक आहे, स्वस्तातला. दीड किलो. पंखा आहे, हळू आवाजाचा.

लेक : दीड अधिक माझं किलोभर. अडीच. खांदा ऐकणार नाही. आणि आवाज हळू म्हणजे मला हळू. यंत्राला नाही.

आप्पा : मग आता डोळे मिटून बसून काय करतेयस?

लेक : हिशोब. रोज दोन घरं धरली तर शंभर घरांना दोन महिने लागतील. नवीन पेशंट वेगळे. तेवढ्यात खांदा पुन्हा गेला तर अर्धी माणसं तशीच राहतील. आणि दवाखान्यात बसले तर त्यातलं एकही तिथे येणार नाही. त्यांना येताच येत नाही, म्हणून तर मी जाते. माझी चूक निस्तरायला मलाच जिने चढावे लागणार, आप्पा. पण किंमत बघितली की हात आखडतो.

आप्पा : बाई, हा पडला तर फुटतो का?

दुकानवाल्या बाई : पाच वर्षांत माझ्याकडे दोन आले फुटून. एकावर मालकच बसला होता.

आप्पा : आणि दोनच भोकं आहेत, ती मधली जोडणी कुठे विसरली तर हा बिनकामाचा. मी बजावून ठेवतो. तर दोन जोडण्या द्या, एक बॅगेत शिवून टाकू. आणि हप्ते करता का?

दुकानवाल्या बाई : करते. वर्षाचे.

आप्पा : त्यातले निम्मे मी भरणार.

लेक : तुम्ही? कशातून?

आप्पा : कशातून म्हणजे? टेबल कुठे गेलंय अजून? त्या माणसाला सांगतो, बाबा रे, विकत नाही. शिव्या देईल, खाईन. आणि गल्लीतली पन्नास घड्याळं तरी बंद पडून असतील लोकांच्या कपाटात. वाट कुणाची बघतायत ती?

लेक : आप्पा, एका घड्याळाची टिकटिक ऐकू आली म्हणून लगेच... निदान तीन आठवडे सवय होऊ दे. डोकं भणभणेल आधी. सगळंच मोठं वाटेल, चमचे, पावलं, नळ.

आप्पा : भणभणू दे. बरीच वर्षं शांत होतं.

दुकानवाल्या बाई : ताई, मग काय करू? भरायचा का फॉर्म?

लेक : मघाशी म्हणत होतात, खुर्ची आपलं वजन घेते. तिचं काय आप्पा?

आप्पा : तिच्यावर दुसरं कोणी बसेल. बसणारे पुष्कळ आहेत.

लेक : भरा बाई. आणि धोंड्याचा पंखाही बदलून ठेवा, जुन्या फाइली त्यात आहेत सगळ्यांच्या.

दुकानवाल्या बाई : भरते. नाव, पत्ता, काम. काम काय लिहू? दवाखाना?

लेक : नाही. घरी जाऊन, असं लिहा. फोन करते तेवढ्यात.

आप्पा : दवाखान्याला?

लेक : त्यांना दोनपर्यंत वेळ आहे. आधी दुसरा. ...हॅलो? हो, मीच, कानाच्या यंत्रवाल्या बाई. आजी कशा आहेत?... नाही नाही, पैशांसाठी नाही केला. माझ्याकडून एक चूक झालीय, ती सांगायला केला. मी आजींना म्हटलं होतं ना, वय झालं, चालवून घ्या? ते खोटं होतं. म्हणजे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण खोटंच होतं. त्यांच्या कानांचा दोष नव्हता, माझ्या मशीनचा पंखा वाजत होता... हो, पंखा. आल्यावर नीट सांगते, तुम्ही रागावलात तरी चालेल... उद्या सकाळी येऊ? नातवंडं घरी असतील ना? असू देत, मुद्दाम असू देत. त्यांना म्हणावं, आजीच्या पाठीमागून हळूच खोलीत यायचं... काय? लिफ्ट अजून बंदच?... नाही हो, काही हरकत नाही. येते मी चढून.